मसूरचे स्टेशन आणि बाबासाहेबांची इंग्रजी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या उंब्रज परिसरातील मुले-मुली सल्ला विचारायला येतात. कोणी वकिलीचे विचारतो, कोणी स्पर्धा परीक्षेचे. कला शाखेला जाणारी पोरे मात्र एका विषयाचे नाव काढले की खाली मान घालतात. तो विषय म्हणजे इंग्रजी. बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घे म्हटले की उत्तर ठरलेले असते. झेपणार नाही, ते आपले काम नाही. पालक वेगळाच प्रश्न विचारतात. गोऱ्यांच्या कविता आणि नाटके वाचून आमच्या पोराच्या पोटाला काय मिळणार? काही कार्यकर्ते तर त्याहून पुढे जातात. इंग्रजी शिकलेला पोरगा वस्तीत राहत नाही, तो साहेब होतो आणि समाजाला विसरतो, असे ते म्हणतात.

या तिन्ही आक्षेपांना उत्तर द्यायचे तर पुस्तकी युक्तिवादाची गरज नाही. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थी म्हणून चरित्र नीट वाचले तरी पुरे आहे. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मचक्र फिरविणारे म्हणून वंदन करतो. पण इंग्रजीचा विद्यार्थी म्हणून आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. त्या विद्यार्थ्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात झाली आहे. त्याच्या आयुष्यातील एक मोठा धडा उंब्रजच्या शेजारी, मसूरच्या रेल्वे स्टेशनवर घडला आहे. म्हणून हे चरित्र आम्ही आज याच बाजूने सांगणार आहोत.

सातारा जिल्ह्याच्या मातीचे आणि इंग्रजीचे नाते बाबासाहेबांच्याही आधीचे आहे. राष्ट्रपिता जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीमाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या इंग्रजीच्या बळावर त्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले. १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, पण त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि तो ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बहुजनांच्या शिक्षणाचे गाऱ्हाणे मांडले तेही इंग्रजी निवेदनातून. सावित्रीमाईंनी १८५४ च्या काव्यफुले या संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे म्हणून कविता रचल्या. म्हणजे इंग्रजी शिकणे हे आमच्या परंपरेच्या बाहेरचे नाही. ते फुले-आंबेडकरी परंपरेच्या पायातच आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना हा वारसा वडिलांकडून मिळाला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करात अस्पृश्य सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकता येत होते, एवढ्या एका फटीतून या घरात अक्षर शिरले. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच माता भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण आपल्यापैकी किती जण लक्षात घेतात की तो प्रवेश इंग्रजी शिक्षणातला प्रवेश होता?

त्या शाळेत मुलाला बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची बंदी. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. वर्गात अशी अवस्था असताना खरे शिक्षण चालले होते ते घरी. रामजीबाबांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके करून घेतली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, याचा ते आग्रह धरीत. कबीरपंथी बाप पहाटे दोहे म्हणतो, भजने म्हणतो आणि त्याच घरात मुलाकडून इंग्रजी भाषांतर घटवून घेतो, हे चित्र आपण डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. इंग्रजी आली म्हणून कबीर गेला नाही, आणि कबीर आहे म्हणून इंग्रजी नको असेही झाले नाही.

आता मसूरकडे वळू. साल १९०१. दुष्काळाने माणसे मरत होती, म्हणून सरकारने गोरेगाव येथे तलावाचे काम काढले होते. रामजीबाबा तेथे रोखपाल होते. सुट्टीत मुलांनी वडिलांकडे यावे असे ठरले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने निघाले. अंगात नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. उतरायचे स्टेशन होते मसूर. पत्र वेळेवर न मिळाल्याने वडिलांचा माणूस घ्यायला आला नव्हता. स्टेशनमास्तरने चांगले कपडे पाहून ही ब्राह्मणाची मुले असावीत असे समजून चौकशी केली. आम्ही महार आहोत, असे निरागसपणे सांगताच तो माणूस दचकला आणि मागे सरकला. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. पैसे चालत होते, स्पर्श चालत नव्हता!

पुढची गोष्ट आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. रात्र पडली. मुलांजवळ भाकरतुकडा होता, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेवरच्या जकात नाक्यावर पाणी मिळेल असे वाटले. गाडीवानाने सल्ला दिला की महार म्हणून सांगू नका, मुसलमान आहोत म्हणून सांगा. लष्करी वातावरणात वाढलेल्या भीमरावांना उर्दू उत्तम येत होती. त्यांनी नाकेदाराशी अस्सल उर्दूत बोलून पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही. मुले उपाशीपोटी, तहानलेली, गाडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली.

या प्रसंगातला भाषेचा धडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराने जात लपविण्यासाठी दुसरी भाषा वापरून पाहिली आणि तिने पाण्याचा घोटही मिळवून दिला नाही. पुढे आयुष्यभर बाबासाहेबांनी दुसऱ्या भाषेचा असा उपयोग पुन्हा केला नाही. त्यांनी इंग्रजी मिळविली ती जात झाकण्यासाठी नव्हे, तर जगासमोर उघडी पाडण्यासाठी. इंग्रजी शिकलेला पोरगा साहेब होऊन समाजाला विसरतो म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. दोष इंग्रजीचा नाही. इंग्रजीचा बुरखा करणाऱ्याचा तो दोष आहे.

कुटुंब पुढे मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. तीतच चूल, तीतच संसार आणि तीतच अभ्यास. मुलगा पुस्तक मागे तेव्हा रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पुस्तक घरी येई. बाबासाहेबांच्या इंग्रजीमागे त्या दोन बहिणींचे दागिने आहेत, हे आमच्या भगिनींनी विसरू नये.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी धाव घेऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलविले. त्यांच्या सावलीने भाकरी बाटणार होती! त्याच शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्याला ती भाषा शिकविण्यास नकार दिला. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेत त्यांच्या गुलामीचे कायदे लिहिले होते, ती वाचायचा अधिकारही त्यांना नाकारला गेला. म्हणजे आरोपपत्र तुमच्यावर, पण त्याची नक्कल तुम्हाला मिळणार नाही. वकिली व्यवसायातील कोणालाही विचारा, याहून मोठा अन्याय कोणता? पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात केली आणि ते कायदे मुळातून वाचले. पण त्या कोवळ्या वयात समोर उघडे असलेले दार इंग्रजीचे होते आणि ते त्यांनी पूर्ण ताकदीने उघडले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. समाजाने सत्कार केला. सी. के. बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकरांनी हेरले होते. पुढे त्यांच्याच खटपटीने महाराज सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी शिक्षणाची पायरी चढत असतानाच हातात बुद्ध आला, आणि तो आला मायमराठीतून. हा योग साधा नाही.

१९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. इंग्रजी आणि फारसी या त्यांच्या बी.ए.च्या भाषा होत्या. कॉलेजचा उपाहारगृहवाला ब्राह्मण त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. पण प्रा. मुल्लर यांच्यासारखे अध्यापक त्यांना पुस्तके देत, कपडे देत. त्या काळचा विद्यार्थी जे इंग्रजी साहित्य वाचे ते एका साम्राज्याचे साहित्य होते. त्यात सत्तेची घमेंड होती, पण त्यातच राजाला जाब विचारणाऱ्यांची, पोपच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्यांची, गुलामगिरीला धिक्कारणाऱ्यांची परंपराही होती. अनेक सुखवस्तू विद्यार्थ्यांनी त्यातून टाय आणि टोपी उचलली. भीमरावांनी त्यातून प्रश्न विचारण्याची रीत उचलली. बी.ए. होताच १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीवर गेले आणि लगेच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजीबाबा वारले. ज्या बापाने भाषांतराचे धडे पाठ करून घेतले त्याला मुलाची पुढची झेप पाहता आली नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. भाषा शिकणे वेगळे आणि त्या भाषेच्या समाजात राहणे वेगळे. तेथे एकाच टेबलावर बसून जेवता येत होते. ग्रंथालयात कोणी जात विचारत नव्हते. जॉन ड्यूई, सेलिग्मन, गोल्डनवायझर यांच्यासारखे अध्यापक प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देत होते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात या पंचवीस वर्षांच्या तरुणाने भारतातील जातींविषयीचा निबंध इंग्रजीत वाचला. जातीची मुळे आपल्या समाजातील विवाहबंधनात आणि स्त्रीच्या दास्यात आहेत, हे त्याने जगाच्या विद्वानांपुढे मांडले. मसूरच्या स्टेशनवर महार हा शब्द ऐकून एक माणूस मागे सरकला होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी तीच जात अभ्यासाचा विषय म्हणून टेबलावर ठेवली गेली आणि ऐकणारे पुढे सरकून बसले.

न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या पुस्तकांचा मोठा साठा १९१७ मध्ये परतीच्या वाटेवर, बोट बुडविली गेल्याने समुद्रात गेला. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी हातात आणि राहायला खोली नाही! १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तर सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली. त्यांची व्याख्याने ऐकायला मात्र इतर कॉलेजांतील विद्यार्थी येऊन बसत. इंग्रजी आली, पदवी आली, तरी जात सुटली नाही. म्हणून इंग्रजी शिकलो की सगळे प्रश्न सुटतील असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बाबासाहेबांनीही तसे कधी मानले नाही.

मग इंग्रजीने काय केले? तिने त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचे बळ दिले. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे दिली. १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत ते उभे राहिले, तेव्हा हजारो वर्षे मुक्या ठेवलेल्या समाजाचे म्हणणे दुभाष्याविना राज्यकर्त्यांच्या कानावर गेले. तोपर्यंत आपल्याविषयी इंग्रजीत बोलत होते ते इतर लोक. कोणी मिशनरी, कोणी गोरा अधिकारी, कोणी सवर्ण पुढारी. सगळी साक्ष ऐकीव. न्यायालयात ऐकीव साक्षीला किती किंमत असते हे वेगळे सांगायला नको. प्रत्यक्ष भोगलेल्या माणसाची साक्ष प्रथमच नोंदली गेली, आणि ती नोंद पुसता आली नाही.

१९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करताना हेच दिसते. १९२६ मध्ये देशाचे दुश्मन या पुस्तकावरील बदनामी खटल्यात त्यांनी बागडे, जेधे, जवळकर यांचा बचाव केला आणि ते सुटले. मराठी पुस्तकातील एकेक वाक्याचा अर्थ कायद्याच्या भाषेत उलगडून दाखविणे हे त्यातले काम. महाडच्या चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. रस्त्यावरची लढाई मराठीत झाली, तिचा निकाल इंग्रजीत लिहिला गेला. आजही खालच्या कोर्टात मराठी चालते, पण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात इंग्रजीच आहे. ॲट्रॉसिटीचा फिर्यादी आपल्याच प्रकरणाचा निकाल हातात घेऊन दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे दृश्य आम्ही कराडच्या कोर्टाच्या आवारात पाहत आलो आहोत. हे कधी थांबणार?

साहित्याने पोटाला काय मिळणार, असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांचे लेखन उघडून पाहावे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातील विचार न पेलल्याने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. धर्माचा विचार मांडताना त्यात ते एडमंड बर्कचा आधार घेतात. गांधीजींना उत्तर देताना शेवटी हिंदू समाजाची कोंडी सांगण्यासाठी मॅथ्यू अर्नॉल्ड या इंग्रज कवीच्या ओळीचा दाखला देतात. १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या भाषणात थोर माणूस कोणाला म्हणावे याची चर्चा करताना कार्लाइलचा विचार तपासतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या भाषणात जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा आठवतात. कवी, निबंधकार, विचारवंत हे त्यांच्या हातात दागिने नव्हते. ते पुरावे होते. तुमच्याच वाङ्मयाने मान्य केलेले तत्त्व मी तुमच्यापुढे ठेवतो आहे, आता नाकारून दाखवा, असा त्यांचा बाणा होता. साहित्य वाचलेला माणूसच असे करू शकतो.

आणि याच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केला तो मराठीत. १९२७ मध्ये बहिष्कृत भारत मराठीत. त्यानंतर जनता आणि प्रबुद्ध भारतही मराठीत. मूकनायकच्या शिरोभागी तुकोबा होते, बहिष्कृत भारतच्या शिरोभागी ज्ञानेश्वर. त्यांचे अग्रलेख वाचले तर म्हणी, वाक्प्रचार, संतवचने यांनी ते भरलेले दिसतात. ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्याशी त्यांना समजेल त्या भाषेत आणि ज्यांना जागे करायचे त्यांच्याशी त्यांच्या मायबोलीत, असा हा सरळ हिशेब होता. गावाकडच्या सभेत त्यांनी कधी इंग्रजीचा तोरा मिरविला नाही. आज घरात पोराशी दोन इंग्रजी शब्द बोलून शेजाऱ्यावर छाप पाडणाऱ्यांनी हा हिशेब शिकावा.

मसूरचा तो प्रसंग आपल्याला कसा कळला? बाबासाहेबांनी तो १९३५ च्या सुमारास स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून ठेवला म्हणून. वेटिंग फॉर अ व्हिसा हे त्या लहानशा लेखनाचे नाव. परदेशी माणसाला अस्पृश्यता ऐकून माहीत असते, पण ती प्रत्यक्षात कशी असते हे त्याला कसे समजवावे, या प्रश्नातून ते लिहिले गेले. उत्तर म्हणून त्यांनी आकडेवारी दिली नाही की प्रबंध लिहिला नाही. घडलेल्या गोष्टी साध्या भाषेत, आवाज न चढवता सांगितल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रकाशित केले, पुढे शासनाच्या बाराव्या खंडात ते आले. आज कोलंबिया विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना वाचायला दिले जाते. न्यूयॉर्कमधला विद्यार्थी आपल्या मसूरचे नाव इंग्रजीत वाचतो. आणि उंब्रज-मसूर रस्त्यावरून रोज एसटीने कॉलेजला जाणारा आपला पोरगा ते मुळातून वाचत नाही. या विसंगतीची आम्हाला खंत वाटते.

हा प्रश्न एका पुस्तिकेचा नाही. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रकाशित केले. त्यातील बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. रुपयाचा प्रश्न, शूद्र पूर्वी कोण होते, बुद्ध आणि त्याचा धम्म हे सारे ग्रंथ मुळात इंग्रजीत लिहिलेले. महापरिनिर्वाणाच्या आदल्या रात्रीही, ५ डिसेंबर १९५६ रोजी, ते बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. अनुवाद झाले आहेत, ते हवेतच. अनुवादकांचे समाजावर उपकार आहेत. पण मूळ दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती आणि आपल्या हाती नक्कल, ही स्थिती किती पिढ्या चालणार? संस्कृतच्या बाबतीत जे आपल्यावर लादले गेले, ते इंग्रजीच्या बाबतीत आपण स्वतःहून का स्वीकारावे?

बाबासाहेबांनी शिक्षणाचा हा वारसा संस्थांत बांधून ठेवला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले कॉलेज. त्याच १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी माहिती मागविली. अस्पृश्य आणि काळे यांच्यातला तो संवाद इंग्रजीतूनच झाला. पुढे इंग्रजीचे अभ्यासक डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंदचे प्राचार्य झाले आणि काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या तरुण लेखकांना करून दिली. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. तिच्या संस्थापकांतले राजा ढाले सांगलीकडच्या नांद्रे गावचे. इंग्रजी साहित्याच्या वर्गातून चळवळीला काय मिळते, याचे हे जिवंत उत्तर आहे. इंग्रजी साहित्य म्हणजे केवळ शेक्सपिअर नाही. काळ्या माणसांनी, गुलामांच्या लेकरांनी, आफ्रिकेतल्या लेखकांनी लिहिलेलेही इंग्रजी साहित्यच आहे. आणि वेटिंग फॉर अ व्हिसा हेही आहे.

म्हणून उंब्रज, मसूर, कराड, पाटण, वाळवा, तासगाव या भागातील आमच्या मुला-मुलींना आणि त्यांच्या पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. साताऱ्याला १९४७ पासून छत्रपती शिवाजी कॉलेज आहे, कराडला १९५४ पासून सद्‍गुरू गाडगे महाराज कॉलेज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची ही दारे आपल्यासाठीच उघडली गेली. भाषा, साहित्य आणि त्या समाजाची संस्कृती अशा तिन्ही अंगांनी इंग्रजी शिका. भाषा नीट आली तर अर्ज, दावा, निकाल स्वतः वाचता येईल. साहित्य वाचले तर दुसऱ्या देशातल्या पीडिताचे दुःख आणि त्याचा लढा कळेल. संस्कृती समजली तर गोऱ्यांचे चांगले काय आणि वाईट काय हे पारखता येईल, आंधळी नक्कल होणार नाही. नोकरी तर त्यातून मिळेलच. शिक्षक, अनुवादक, पत्रकार, वकील या सर्वांना ती लागते. पण नोकरी हा शेवटचा हेतू नव्हे.

भीती वाटणे साहजिक आहे. पहिल्या वर्षी वर्गात शिक्षक काय बोलतात ते कळणार नाही. दुसरी मुले हसतील. अशा वेळी गोणपाटावर बसलेला सातारचा भिवा आठवा. त्याच्याकडे शिकवणी नव्हती, संगणक नव्हता, खिशात मोबाइल नव्हता. त्याच्याकडे होते बापाने करून घेतलेले भाषांतर, रोज थोडे आणि चुकांसह. तीच पद्धत आजही चालते. आमची कार्यकर्त्यांना सूचना आहे की प्रत्येक बुद्ध विहारात आठवड्यातून एक तास काढावा. वंदना झाल्यावर बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचे एक पान मोठ्याने वाचावे, कठीण शब्दांचे अर्थ लिहावेत आणि तेच पान मुलांनी आपल्या मराठीत सांगावे. सुरुवात मसूरच्या प्रकरणापासून करावी. गाव ओळखीचे, स्टेशन ओळखीचे, दुःखही ओळखीचे. तिथली इंग्रजी परकी वाटणार नाही. एक पान समजले की दुसरे समजेल. वर्षाअखेर ती पुस्तिका पुरी होईल. मग खंड हातात घ्यावा.

ज्या समाजाला साक्ष देण्याची भाषा येत नाही, त्याच्या वतीने दुसरेच साक्ष देतात आणि निकालही दुसऱ्यांच्याच सोयीचा लागतो. बाबासाहेबांनी आपल्यासाठी ती भाषा मिळविली, तिच्यात आपली साक्ष नोंदविली. तो दस्तऐवज आता आपल्या ताब्यात आहे. तो वाचता येणारी पिढी घडविणे हे काम आपले आहे. येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतील निदान एका मुलीने, एका मुलाने बी.ए.च्या अर्जावर इंग्रजी हा विषय न घाबरता लिहावा आणि घरच्यांनी तिच्या, त्याच्या पाठीशी उभे राहावे. दागिना गहाण ठेवायची वेळ आली तरी रामजीबाबा डगमगले नव्हते. आपणही डगमगू नये.

जय भीम!